कॉर्नेलियसची डावखुरी बंदूक

बुदैयाच्या हायवेला एक दुकान आहे. दारात तंबू, कोळशाच्या शेगड्या, मासे पकडायचे गळ. आत गेलं की काचेच्या कपाटांत शिकारीच्या बंदुका. बहरीनमध्ये शिकार करण्यासारखं आहे काय, असं कुणालाही वाटेल. काही नाही. पण थंडीची चाहूल लागली की इथली हौशी मंडळी शिकारीला दूरदेशीच्या डोंगरांत जातात, आणि जाण्याआधी या दुकानात बसून कॉफी पीत, गप्पा छाटत, एकेक बंदूक खांद्याला लावून बघतात. बघणं हीच अर्धी शिकार. त्या बंदुका त्यांच्या हातात देणारा माणूस म्हणजे कॉर्नेलियस तुस्कानो, वसईजवळच्या गासचा.

कॉर्नेलियस डावखुरा होता. ही गोष्ट बायको ग्लॅडिस सोडून बहरीनमध्ये कुणाला ठाऊक नव्हती, निदान त्याची तरी तशी समजूत होती.

हे लपवायला तो लहानपणीच शिकला होता. पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, भरल्या चर्चमध्ये त्यानं डाव्या हातानं क्रूसाची खूण केली. आई बाकावर शरमेनं अर्धी झाली. त्यानंतर जेवायला बसलं की ती आपल्या रुमालानं त्याचा डावा हात पाठीमागे बांधायची. मारलं कुणी नाही, ओरडलंही नाही, नुसता बांधला. हात शहाणा झाला. अजूनही चर्चच्या दारात पवित्र पाण्यात बोटं बुडवताना कॉर्नेलियस मनातल्या मनात ‘उजवा’ म्हणतो, आणि मगच हात पुढे करतो.

बहरीनला आला तर इथंही तेच. खायचं उजव्या हातानं, द्यायचं-घ्यायचं उजव्या हातानं. डाव्या हातानं कुणाला काही दिलं की समोरचा बोलत नाही, पण त्याचा चेहरा बोलतो. कॉर्नेलियसला त्याचं काही वाटलं नाही. वसईत जे फुकट शिकला त्याचा इथं पगार मिळतो, असं तो ग्लॅडिसला म्हणायचा.

डाव्या हाताला या देशात एकच मानाचं काम होतं. कॉफी ओतताना चोचीचं भांडं, त्याला दल्ला म्हणतात, डाव्या हातात धरायचं आणि पेला उजव्या हातानं पाहुण्याला द्यायचा, ही इथली रीत. कॉर्नेलियस सेल्समन होता, कॉफी ओतणं त्याचं काम नव्हे. तरी तो ते दुसऱ्या कुणाला करू देत नसे. दल्ला उंच धरून बारीक धार पेल्यात सोडायची, थेंब बाहेर नाही. बघणाऱ्यांना वाटायचं, काय नम्र माणूस आहे! नम्र कसला, डाव्या हाताची हौस भागवत होता.

आणि त्याच हौसेपायी त्यानं ती बंदूक मागवली होती.

बोल्ट-ॲक्शन बंदुकीचं असं असतं की प्रत्येक गोळीनंतर बाजूची मूठ वर उचलून मागं ओढायची आणि पुढं ढकलून खाली पाडायची, मग दुसरी गोळी नळीत जाते. ही मूठ उजव्या अंगाला. उजव्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. डावखुऱ्याला मात्र बंदूक खांद्यावरून उतरवावी लागते, नाहीतर वरून हात घालून मूठ गाठावी लागते. तोवर हरण पलीकडच्या डोंगरावर. एका वर्षी कंपनीच्या कॅटलॉगात कॉर्नेलियसला मूठ डावीकडे असलेली बंदूक दिसली. डोंगर चढताना खांदा दुखू नये इतकी हलकी, बारीक नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची. त्यानं इतर मालाबरोबर तीही मागवून टाकली.

“ही कुणासाठी?” मालकांनी विचारलं. मालक म्हणजे अबू सलील, सलीलचे वडील. कॉर्नेलियस त्यांना इथल्या पद्धतीनं अरबाब म्हणायचा.

“येईल कुणीतरी गिऱ्हाईक, अरबाब. इंशाल्ला.”

गिऱ्हाईक आलं नाही, कारण कॉर्नेलियसनं ती कुणाला दाखवलीच नाही. ती मागच्या खोलीतल्या कपाटात राहिली. गुरुवारी दुपारी अरबाब नमाजाला गेले की तो ती बाहेर काढायचा, तेलाच्या फडक्यानं पुसायचा, डाव्या खांद्याला लावायचा, मूठ मागेपुढे करायचा आणि परत ठेवून द्यायचा. एवढंच. गोळी कधी झाडली नाही, झाडणारही नव्हता. पण तेवढा वेळ तो कुणाचा नोकर नसायचा की कुणाचा नवरा. मालमोजणीच्या वेळी अरबाब हसून म्हणायचे, “कॉर्नेलियस, तुझी नवरी अजून बिनलग्नाची?” तोही हसायचा.

मग एक दिवस हलिमा आली. साठीकडे झुकलेली, शाळेची मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेली, बरोबर भाऊ. नवरा वारल्यावर गेल्या वर्षी ती त्याची जड, मोठ्या काडतुसाची बंदूक घेऊन भावांबरोबर डोंगरात गेली होती. एकही नेम लागला नाही, उलट दणक्यानं उजवा खांदा काळानिळा झाला.

“या वर्षी तिला हलकी हवी,” भाऊ म्हणाला. “हीपण नाही जमली तर खलास. घरी बसेल.”

पण हलिमाला घरी बसायचं नव्हतं, हे तिच्या तोंडावर लिहिलं होतं. नवऱ्याबरोबर ती तिथल्या पहाटा बघून आली होती, आणि त्या तिला पुन्हा हव्या होत्या.

कॉर्नेलियसनं कॉफी दिली. तिनं पेला उजव्या हातानं घेतला. त्यानं हलक्यातल्या हलक्या बंदुका काढल्या. तिनं पहिली उजव्या खांद्याला लावली, आणि तिची मान दस्त्यावरून पलीकडे झुकली. डावा डोळा बंदुकीवरच्या दुर्बिणीशी आणायला धडपडत होती. दुसरी बंदूक, तेच. या दुकानात लागला त्या वर्षी, कुणी नसताना, कॉर्नेलियसचीही मान अशीच झुकली होती.

तेवढ्यात भावाच्या कोपराचा धक्का लागून काउंटरवरचं नमुन्याचं रिकामं काडतूस गडगडत कडेला गेलं. ते झेलायला दोन हात एकदम सुटले. हलिमाचा डावा आणि कॉर्नेलियसचा डावा. बोटांवर बोटं आपटली, काडतूस खाली पडलं. दोघांनी हात असे मागे घेतले की जणू चोरी करताना सापडले. तिनं त्याच्याकडे पाहिलं. कॉर्नेलियस काडतूस उचलायला खाली वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला.

आता त्यानं मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडायला हवं होतं. तो नाही गेला. त्यानं तिला उजव्या मुठीची हलकी बंदूकच चांगली म्हणून सांगितलं, दस्ता थोडा कापून घेऊ म्हणाला, आणि ती “विचार करते” म्हणून निघून गेली.

घरी ग्लॅडिसनं पापलेटाचं कालवण केलं होतं. तो भात चिवडत बसला. ग्लॅडिस हॉस्पिटलात रिसेप्शनवर असते. दिवसभर खोटं सांगणारे पेशंट बघते, त्यामुळे तिच्यापुढं फार वेळ टिकाव लागत नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं.

“कॉर्नी, ती बंदूक तुझी कधी झाली?” तिनं विचारलं.

“माझी नाही.”

“तुला परवाना मिळणार?”

“मफी. नाहीच मिळणार.”

“गासला घेऊन जाशील? कस्टमवाले हार घालतील तुला.” मग तिचा आवाज मऊ झाला. “त्या बाईचा कुणी बांधला असेल रे हात?”

कॉर्नेलियसला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली, चांगलीच वाटली. रुमाल बांधणाऱ्यांच्या बाजूला आपण जाऊन बसलो, असं त्याला वाटलं.

हलिमा पुन्हा आली तेव्हा भावाचा निर्णय झालेला होता. “तीच द्या, उजवीकडची. दस्ता कापा. यल्ला, चला.”

“एक मिनिट,” कॉर्नेलियस म्हणाला आणि आत गेला.

पण बाहेर आल्यावर सांगायचं काय? भावासमोर, अरबाबसमोर, एका वयस्क बाईला ‘तुम्ही डावखुऱ्या आहात’ असं म्हणणं म्हणजे तिचा पाणउतारा. गिऱ्हाईकांशी बोलण्यात मुरलेली जीभ कामाला आली.

“मॅडमचा उजवा खांदा दुखावलाय,” कपाटातली बंदूक काउंटरवर ठेवत तो भावाला म्हणाला. “त्याला परत दणका नको. ही दुसऱ्या खांद्यावरून चालवायची. मूठही त्याच बाजूला आहे.”

भावाला पटलं. खांद्याचं दुखणं कुणालाही पटतं. हलिमानं बंदूक डाव्या खांद्याला लावली. मान सरळ राहिली. गाल दस्त्यावर टेकला, डोळा आपोआप जागेवर गेला. तिनं मूठ उचलली, मागं ओढली, पुढं लोटली, खाली पाडली. पुन्हा. पुन्हा. बंदूक खांद्यावरून हललीसुद्धा नाही. तिनं ती खाली ठेवली तेव्हा तिचे डोळे भरले होते, आणि भावाला वाटलं नवऱ्याची आठवण आली.

“हीच,” ती म्हणाली.

परवान्याचं सगळं पार पडलं आणि हलिमा बंदूक न्यायला आली. कॉर्नेलियसनं शेवटचं फडकं फिरवलं, बंदुकीची पेटी बंद केली आणि उचलून पुढं धरली. धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ती डाव्या हातानं देतोय. मनात ‘उजवा’ म्हणायचं राहून गेलं होतं. तो हात मागे घेणार, एवढ्यात हलिमानं ती घेतली. डाव्या हातानं, सावकाश, सगळ्यांच्या देखत.

पुढच्या गुरुवारी दुपारी कॉर्नेलियस फडकं घेऊन मागच्या खोलीत गेला. कपाट उघडल्यावर त्याला आठवलं. तो फडकं हातात घेऊन उभा राहिला. वाईट वाटलं, खूपच वाटलं. साठीच्या माणसाला एका बंदुकीसाठी इतकं वाईट वाटू नये, असंही वाटलं. मागे पावलं वाजली. अबू सलील नमाजाहून लवकर परतले होते.

“दुसरी मागव,” ते म्हणाले.

“आता कुणासाठी, अरबाब? असं गिऱ्हाईक परत कुठं येतं?”

“पहिली कुणासाठी मागवली होतीस?”

कॉर्नेलियस फडक्याची घडी घालू लागला.

“इतकी वर्षं तू माझ्याकडे कॉफी ओततोस. थेंब सांडत नाही. ओतताना माझ्या बापाचा हात थरथरायचा, माझा थरथरतो, सलीलला तर दल्ला हातातच देत नाही मी. उजव्या हाताचा माणूस डाव्या हातानं असं ओतू शकतो का?” अबू सलील स्टुलावर टेकले. “तू ती मागवलीस तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून तर मी ती कधी विकायला सांगितली नाही.”

कॉर्नेलियसला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं लपवलं ते कुणापासून?

“यल्ला, लिही ऑर्डर,” अरबाबनी टेबलावरचा कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं पेन उचललं. मनात काही म्हटलं नाही. पेन डाव्या हातातच राहिलं, आणि तो तसाच लिहायला लागला. पण त्या हाताला अक्षर येत नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं. रेषा वाकड्या, आकडा कलंडलेला, बालवाडीतल्या पोरासारखा. कपाळाला घाम आला. तरी त्यानं हात बदलला नाही. एक ओळ पुरी व्हायला कितीतरी वेळ लागला.

अबू सलीलनी चष्मा चढवून कागद जवळ नेला, लांब नेला, थोडा तिरका करून पाहिला.

“वाचता येतंय,” ते म्हणाले.