साकुरा नव्हे, उमे

विजयाताई कोरगावकर रागावल्या की त्यांचा आवाज खाली यायचा. इतरांचा चढतो. त्यांचा इतका खाली यायचा की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि एकदा वाकला की तो संपलाच.

मी तो आवाज पहिल्यांदा ऐकला सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभात. सात दिवस जपान फिरून आलेले एक गृहस्थ माइकवरून सांगत होते, "जपानी माणूस कधी म्हणजे कधी रागावत नाही!" टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर तिसऱ्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या पुढच्या, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. "मी तिथे चार वर्षं राहिले आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "ते रागावतात. तुमच्यावरही रागावले असतील. तुम्हाला भाषा येत नव्हती, म्हणून कळलं नाही." आणि खाली बसून तिळाची वडी खाऊ लागल्या.

विजयाताई पुण्यात जपानी शिकल्या. नवऱ्याच्या नोकरीनिमित्त ओसाकाला राहिल्या आणि मग त्याच्याच बदलीने सिंगापूरला आल्या. क्वीन्सटाउनमधल्या एका जुन्या ब्लॉकमध्ये दोघं भाड्याने राहत. मी तेव्हा हार्बरफ्रंटजवळ एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात होते. खिडकीतून बाताम बेटाकडे जाणाऱ्या फेरीबोटी दिसायच्या. ऑफिसचा मालक अभिजित, आमच्यातलाच, वीस वर्षं सिंगापुरात मुरलेला. मराठी लोकांना जपान दाखवायची कल्पना त्याची. माहितीपत्रकं लिहायचे मी. टूर लीडर म्हणून त्याने विजयाताईंना घेतलं, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या टेबलावरचं पत्रक उचललं.

वर मोठ्या अक्षरांत होतं: क्योतोत साकुराच्या गुलाबी पावसात न्हाऊन निघा! खाली सहलीच्या तारखा, फेब्रुवारीअखेरच्या.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," मी जरा फुशारकीनेच म्हणाले.

"वाक्य छान आहे. पण फेब्रुवारीत क्योतोला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, नसतो. तो मार्चच्या शेवटी येतो. फेब्रुवारीत उमे फुलतं. प्लम म्हण हवं तर. उमलतं ते उमे, लक्षात ठेवायला सोपं."

त्या पत्रक घेऊन अभिजितकडे गेल्या. दार उघडंच होतं.

"ताई, साकुराच्या वेळी हॉटेलं मिळतच नाहीत," तो म्हणाला. "आणि लोकांना काय, फुलं हवीत. गुलाबी दिसलं की झालं. थोडं ॲडजस्ट करा लाह." वाक्याच्या शेवटी 'लाह' लावायची सिंगापुरी सवय त्याला लागली होती.

"मग उमे लिहा. तेही गुलाबी असतं. शिवाय त्याला वास असतो, साकुराला जवळजवळ नसतोच. खरं सांगूनही विकता येईल असं फूल आहे हे."

"उमे कोणाला माहितीय?"

"म्हणून खोटं बोलायचं? आणि बोलायचंच असेल तर निदान मेहनत तरी घ्या. कोणीही फोनवर बघेल आणि पकडेल."

"खोटं बोलायचं असेल तर मेहनत घ्या" हे त्यांचं पालुपद होतं. सवलतीच्या पाट्यांपासून मंडळाच्या अहवालापर्यंत कशालाही त्या ते लावत. त्यांचा रागीटपणा चेष्टेचा विषय झाला होता. कोणी तोंडावर म्हणालंच, तर म्हणत, "मला राग येत नाही. मला आणतात."

अभिजितने हात जोडले, बदलतो म्हणाला. मी फाइल उघडली. ताई लिफ्टमध्ये शिरल्याचा आवाज आला, तसा तो दारातूनच म्हणाला, "राहू दे तसंच." मी फाइल बंद केली. इथपर्यंत एक वेळ त्याची चूक म्हणता येईल. पुढचं माझं आहे.

आठवड्याने बुकित तिमाहहून राजन घाटगे नावाच्या इंजिनिअरचा फोन आला. त्याचे आईवडील कोल्हापूरहून आले होते. वडील निवृत्त चित्रकला शिक्षक, कॅन्सरचे पेशंट. साकुरा एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. "आत्ता डॉक्टर प्रवासाला हो म्हणालेत. पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. साकुरा नक्की असेल ना?" मी अभिजितकडे बघितलं. त्याने मान हलवली. मी म्हणाले, "हो हो, सीझनच आहे."

हे तीन-चार शब्द मी बोलले. कोणी माझ्या डोक्याला पिस्तूल लावलं नव्हतं. सिंगापुरात राहायचा माझा पास नवऱ्याच्या नोकरीवर होता, आणि काम करायचं परवानगीपत्र या ऑफिसच्या नावावर. नोकरी गेली तर ते जाणार, ही भीती खरी होती. पण एवढ्या भीतीने माणूस एवढं सहज खोटं बोलतं, याची मला आजही चीड येते.

चांगी विमानतळावर बावीस जणांच्या हातात तेच पत्रक होतं, राजन आणि त्याच्या आईवडिलांच्याही. मदतनीस म्हणून मीही सोबत होते. विजयाताईंनी एकाच्या हातातलं पत्रक घेऊन वाचलं आणि माझ्याजवळ आल्या.

"बदललं नाहीस?"

"अभिजित सर म्हणाले..."

"सर म्हणाले. आणि टाइप कोणी केलं?" त्यानंतर दोन दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

क्योतोत हाडं गारठवणारी थंडी होती. तरी ताईंनी शहर असं दाखवलं की लोक साकुरा विसरले होते. तीन मार्चच्या बाहुल्यांच्या सणासाठी दुकानांत लाल पायऱ्यांवर राजा-राणीच्या बाहुल्या मांडल्या होत्या. सण झाला की त्या लगेच आवरायच्या, नाहीतर घरातल्या मुलीचं लग्न लांबतं, अशी समजूत. "इथेही हेच!" ताई करवादल्या. "बाहुल्या आवरायच्या राहिल्या तरी दोष मुलीलाच!" बायका खळखळून हसल्या. एका गल्लीत आमच्यातल्याच एका बाईंनी फोटोसाठी चेहऱ्याला पांढरा रंग लावलेल्या एका शिकाऊ नर्तकीची बाही धरली. ताईंनी ती बाही सोडवली, त्या मुलीची वाकून माफी मागितली आणि बाईंना म्हणाल्या, "ती कामाला निघालेली मुलगी आहे. पुतळा नाही."

पंचवीस फेब्रुवारीला आम्ही विद्येच्या देवाच्या देवळात गेलो. त्या दिवशी तिथे उमेचा उत्सव असतो. हा देव म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीचा एक विद्वान, खोट्या आरोपावरून राजधानीतून हद्दपार झालेला. ताई सांगत होत्या, "आधी हाकलला. तिकडे बिचारा मेला. मग राजवाड्यावर वीज पडली, तेव्हा यांची घाबरगुंडी उडाली आणि त्याचा देव केला! जिवंतपणी एकजण त्याच्या बाजूने बोलला असता तर देऊळ बांधावं लागलं नसतं." परीक्षेच्या नवसाच्या लाकडी पाट्यांनी चौकटी भरल्या होत्या. झाडांखाली नर्तकी चहा देत होत्या. आणि सगळीकडे फुलं होती, पांढरी, गुलाबी, गडद लाल.

"साकुरा! साकुरा!" आमची माणसं फोन वर करून ओरडू लागली. ताईंनी त्यांना अडवलं नाही. स्वतःहून काही बोलणार नाही, असं त्यांनी ठरवलं असावं. लोकांचा आनंद त्यांनाही दिसत होताच.

राजनचे वडील, घाटगे सर, मात्र एका फांदीपाशी थांबले होते. कानटोपी, दोन स्वेटर, हातात छोटी वही. त्यांनी ताईंना बोलावलं.

"ताई, साकुराच्या पाकळीला टोकाशी खाच असते ना? पुस्तकात तसं बघितलंय मी. ही तर गोल आहे बघा. आणि फुलाला देठच नाही, फांदीलाच चिकटलंय. हे साकुरा नव्हे ना?"

राजन ताईंकडे बघून डोळ्यांनी नको नको म्हणत होता. त्यालाही फसवणूक त्याच क्षणी कळली असणार. मी खाली बघत होते.

"नाही, सर," ताई म्हणाल्या. "हे उमे आहे. साकुराला अजून महिना आहे. तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. त्यात आमच्या ऑफिसची लबाडी आहे, आणि मी त्याच ऑफिसची आहे. मला माफ करा."

एकदम गलका झाला. मला वाटलं, लोक अभिजितला शिव्या देतील. ते ताईंवर तुटून पडले. "आता सांगून काय मिळवलंत?" "आम्ही घरी फोटोही पाठवले!" "इतकी छान मजा चालली होती." राजन पुढे आला. "तुम्हाला काय गरज होती? बाबांना कळलंही नसतं!"

"राजन," सर म्हणाले. "मी आजारी आहे. लहान पोर नाही." ते दमले होते, मधे श्वास घ्यायला थांबले. "मी विचारलं, म्हणून यांनी सांगितलं. तू सांगणार नव्हतास." मग वही उघडून ते बाकावर बसले. "ताई, उमे तर उमे. एक फांदी काढू द्या मला. वेळ आहे का?"

"आहे," ताई म्हणाल्या. नव्हता. खरेदीची वेळ झाली होती, लोक घड्याळं दाखवत होते. ताईंनी मला सगळ्यांना घेऊन पुढे जायला सांगितलं आणि त्या सरांपाशी थांबल्या. दीड तासाने ते तिघं, सर, त्यांची पत्नी आणि ताई, बसपाशी आले तेव्हा सरांची बोटं निळी पडली होती आणि चेहरा खुललेला होता. राजन बसमध्ये एकटाच बसून होता.

परत आल्यावर तक्रार आली. अकरा जणांच्या सह्या. खोट्या पत्रकाबद्दल एक अक्षर नाही. "टूर लीडरने सहलीचा मूड घालवला." अकरा शिकलेली माणसं, चांगल्या हुद्द्यांवरची, लेकरांना खरं बोला म्हणून शिकवणारी! फसवणाऱ्यावर राग नाही, राग झोपेतून जागं करणाऱ्यावर. त्या कागदावरून अभिजितने ताईंना नोकरीवरून काढलं. त्या सामान न्यायला आल्या, तेव्हा मी मॉनिटरआड तोंड लपवलं. त्या टेबलापाशी थांबल्या. "तुझं मराठी चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जास्त राग येतो."

तीन आठवड्यांनी कोल्हापूरहून जाड पाकीट आलं. आत सरांचं अभिजितला पत्र होतं. त्यांनी लिहिलं होतं: तुम्ही प्रवाशांची लेखी माफी मागावी, आणि खरं बोलणाऱ्या बाईंचा मान राखावा. त्याने ते फाडलं. सोबत बंद लिफाफा होता, 'सौ. विजयाताई यांस'. "कशाला परत विषय," अभिजित म्हणाला. मी तो लिफाफा पर्समध्ये टाकला. नेऊन देईन, असं मनाशी म्हणाले होते. हार्बरफ्रंटहून क्वीन्सटाउन कितीसं लांब! पण त्या दारात उभं राहायचं धाडस माझ्यात नव्हतं. आज जाऊ, शनिवारी जाऊ, करता करता वर्ष गेलं. मधल्या दिवाळीत सर गेल्याचं कळलं.

ताईंच्या यजमानांची नोकरी संपून ते पुण्याला परत निघाल्याचं ऐकलं, तेव्हा मी गेले. घरात खोकी भरलेली होती. मी लिफाफा दिला आणि सगळं सांगितलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. आत उमेच्या फांदीचं छोटं चित्र होतं आणि चार ओळी. 'देवळात पांढरं आणि लाल अशी दोन्ही फुलं होती. दोन्ही उमेच का, की लाल वेगळं? रंगवायचं थांबलो आहे. कृपया कळवावे. वाट पाहतो.'

"माणसाने साधा प्रश्न विचारला होता," ताई म्हणाल्या. "एका ओळीचं उत्तर होतं. तू त्याला त्याच्या शेवटच्या वर्षात वाट बघायला लावलीस. अभिजित तरी धंद्यासाठी करतो. तू कशासाठी केलंस?"

त्यांनी बस म्हटलं नाही. यजमानांनी पाणी आणून दिलं, ते पिऊन मी निघाले. पुढच्या महिन्यात मी ऑफिस सोडलं. त्याला धैर्य म्हणायचं तर ते फार उशिरा आलं.

काही आठवड्यांनी ताईंचा मेसेज आला. 'काल कोल्हापूरला जाऊन आले. दोन्ही उमेच, हे घाटगे वहिनींना सांगितलं. त्यांनी सरांची वही काढून चित्राखाली मलाच लिहायला लावलं, आणि जेवल्याशिवाय सोडलं नाही. तुझ्यावरचा राग गेलेला नाही.'

मी लिहिलं, 'जाऊ देऊ नका.'