मी झोपलेलो असताना गेलेली उत्तरं

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विषय काढलाच, तर चहा गार होतोय म्हणून उठून जायचो. आता टाळायलाही फारसा वेळ उरलेला नाही, तेव्हा सांगून टाकतो.

निवृत्तीनंतर मला संगणकाचा नाद लागला. माझ्या वयाची माणसं गुडघ्याच्या तेलांबद्दल बोलतात, मी छोट्या छोट्या सॉफ्टवेअरबद्दल बोलायचो. फुकट मिळणारी, कामसू, उलट न बोलणारी. एकाला दोन अक्षरं दिली की ते पूर्ण पत्ता टाइप करायचं. दुसरं उतरवून घेतलेल्या फायली आपोआप जागच्या जागी नेऊन ठेवायचं, बिलं बिलांत, फोटो फोटोंत. तिसरं माझ्या झोपेची वेळ झाली की पडदा अंधारून आवाज बंद करायचं. कर्वेनगरच्या आमच्या घरात एवढी शिस्त त्याआधी कधी नांदली नव्हती.

बायको म्हणाली, "अहो, त्याला एवढं शिकवलंत, आता प्यालेला कप सिंकमध्ये नेऊन ठेवायलाही शिकवा."

"त्याला हात नाहीत."

"तुम्हाला आहेत. म्हणून काय झालं?"

माझा एक मित्र होता. मूळचा अमरावतीकडचा. कारखान्याच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर त्यानं सगळी नोकरी केली आणि विश्रांतवाडीला फ्लॅट घेतला. बायको गेल्यावर तो तिथं एकटाच राहायचा. मोबाईलवर त्याची बोटं चालत नसत, पण टायपिंग पक्कं. रोज जेवण झालं की मला लांबलचक मेल लिहायचा. विषय एकच, पुणं कसं वाईट. पाणी, रिक्षावाले, दुकानदारांची तोंडं. शेवट ठरलेला: 'कंटाळलो बाप्पा, आता पुणं सोडतोच.' माझं उत्तरही ठरलेलं: 'सोड की, अडवलंय कोणी?' नोकरीत असताना डबा खातानाही आमचं हेच चालायचं. पुण्यात याला मैत्री म्हणतात.

अडचण एवढीच, की त्याची मेल नेमकी माझ्या दुपारच्या झोपेत यायची. उत्तर लवकर गेलं नाही की फोन वाजायचा. "जिवंत आहेस ना बे?" दुपारची झोप मोडलेली मी सख्ख्या भावालाही माफ केलेली नाही. म्हणून मी एक सॉफ्टवेअर या कामावर नेमलं. त्याची मेल आली की ते मजकुरातले शब्द हुडकायचं. 'रिक्षा' दिसली, तर मी लिहून ठेवलेल्या टोमण्यांतला रिक्षाचा एक उचलायचं. 'पाणी' दिसलं की पाण्याचा. 'पुणं' आणि 'सोड' जवळजवळ दिसले की 'अडवलंय कोणी'ची एखादी नवी आवृत्ती. उत्तर तत्काळ गेलं तर संशय येईल, म्हणून जरा थांबून पाठवायचं आणि त्याची मेल 'उत्तर दिलेल्या' कप्प्यात ठेवून द्यायचं. मी घोरत असायचो.

संध्याकाळी उठून मेल वाचायच्या असं ठरवलं होतं. काही दिवस वाचल्याही.

पुढे एकदा मला कीबोर्ड घ्यायचा होता, म्हणून आम्ही दोघं बुधवार पेठेत गेलो. दुकानात उभ्या उभ्या तो म्हणाला, "तुझा विनोद सुधारला बे. आधी एकच टोमणा होता तुझ्याकडं, जन्मभर पुरवला."

"म्हातारपणी खुलतो माणूस."

"आणि दुपारचा झोपतही नाहीस आजकाल. माझ्यासाठी जागतोस ना?"

मी कीबोर्डच्या कळा दाबून बघत 'हो' म्हणालो.

त्यानंतर काही महिन्यांनी तो घरी आला. फ्लॅटचा विसार घेतला, मुलीकडे अमरावतीला चाललो, असं खुर्चीत बसता बसता म्हणाला. मी सवयीनं हसलो. "चला, पुणं सुटलं एकदाचं!"

तो हसला नाही. "तुला विचारलं होतं मी. गंमत करू नको, असंही लिहिलं होतं. तुझं उत्तर आलं, मग ठरवून टाकलं."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तो गेल्यावर मी कप्पा उघडला. त्यानं लिहिलं होतं: 'मुलगी ये म्हणते. तिथं आता मला कोणी ओळखत नाही. इथं तू आहेस. पुणं सोडू की नको? या वेळी गंमत नको. तू नको म्हणालास तर नाही जाणार.'

खाली माझं उत्तर: 'सोड की. जाताना दार ओढून घे, डास येतात.'

हा टोमणा सुचला त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

"आत्ताच्या आत्ता फोन लावा," बायको म्हणाली. विसारच घेतला होता, परत करता आला असता. पण हे एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. ज्या उत्तरांवर तो एकटा घरात हसत होता, ती कोण पाठवत होतं तेही. त्यानं विचारलं असतं, "मग माझ्या मेल वाचल्यास तरी का?" फोन लागला आणि मी विचारलं, सामानाला टेम्पो मिळाला का?

तो गेला. मी सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि उत्तरं स्वतः लिहू लागलो. त्यावर त्याचा फोन आला. "मिळमिळीत लिहायला लागलास बे. तब्येत बरी नाही का?" बरी आहे म्हणालो. 'एक सांगायचं होतं' इथपर्यंत कितीदा तरी आलो, आणि तिकडे ऊन कसं आहे, हे विचारून फोन ठेवला.

मग एक दिवस त्याच्या मुलीचा फोन आला. बाबा गेले. रडता रडता म्हणाली, "काका, तुमची जुनी उत्तरं बाबा आम्हाला वाचून दाखवायचे. त्यांना स्वतःलाच हसू आवरायचं नाही." मी तिलाही काही सांगितलं नाही.

मला त्याला लिहायचं होतं ते फार मोठं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा मी झोपलो होतो. तुझी मेल मी वाचलीच नव्हती. वाचली असती, तर जाऊ नकोस म्हणालो असतो. माफ कर.