उपरण्याखालचा भाव

सबंध इंदापूर तालुक्यात आमच्या आबांइतका बोलका माणूस नाही आणि त्यांच्याइतका पोटात ठेवणाराही नाही. आबा माझ्या वडिलांचे चुलते. घर अंथुर्ण्यात आणि हयात गेली शेळ्यांच्या दलालीत. तुमच्या पणज्याच्या शेळीचा रंगसुद्धा ते सांगतील, पण काल विकलेल्या बोकडाचा भाव विचारा, लगेच यंदा बाभळीला शेंगा कशा लागल्यात यावर बोलू लागतात. त्यांच्या धंद्यात भाव तोंडानं बोलतच नाहीत. आबा आधी देणाऱ्याचा, मग घेणाऱ्याचा हात धरतात, वर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून सौदा होतो. बघणाऱ्यांना दिसते ती फक्त कुणाच्या तरी कपाळावरची आठी. सवय इतकी मुरलेली की, बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी वय विचारलं तर आबांनी त्यांच्याही हातावर उपरणं टाकलं.

मी वाढले चळवळीच्या पत्रकांवर. आमच्या घरी फराळाच्या ताटाखालीसुद्धा कसल्या ना कसल्या मागण्यांचं पत्रक असे. झाकलेला भाव म्हणजे झाकलेली लबाडी, असं मी आबांना तोंडावर सांगायचे आणि ते हसून मला चहा पाजायचे. पण जो तो मोबाईलवरच्या ग्रुपवर शेळ्या विकू लागला, बाजारात आबांकडे येणारे हात कमी झाले. तेव्हा मीच त्यांना म्हटलं, आपणही फेसबुकवर जाऊ.

आबांनी ही गोष्टही जनावरासारखीच पारखली. फायदा त्यांना पटला. टेम्पोत जनावर कोंबून बाजाराला न्यायला नको आणि लांबचं गिऱ्हाईक घरी बसून बघतं. पण फोटोतल्या शेळीला वास नसतो आणि आजारी शेळी आबा वासावरून ओळखतात. शेवटी म्हणाले, "घेऊ. मारकं हाय, पर दूध दील."

पहिल्या व्हिडिओत त्यांनी शेळीच्या खोडीच आधी सांगितल्या. ही दावं तोडती, धार काढताना पाय झाडती, शेजारच्या मकंत शिरती. मी खुणावत होते, भाव सांगा. तशी आबांनी उपरणं काढलं आणि माझ्या मोबाईलवरच टाकलं. पुढं नुसता अंधार आणि शेळीचं ओरडणं. तो व्हिडिओ इतका फिरला की, मोरगावला एसटीच्या कंडक्टरनं आबांना ओळखून खिडकीची जागा दिली.

मग कळंबच्या धुरपदाबाईंचं काम आलं. गुडघे गेलेले, शेळ्यांमागं फिरणं होईना. त्या कायमच्या लेकीकडं राहायला निघाल्या होत्या. उरलेल्या दोन शेळ्या पाळणाऱ्यालाच द्यायच्या, दोघी एकत्र, आणि लेकीच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. आबा तापानं पडले होते, म्हणून मीच आमच्या फेसबुकच्या पानावर टाकलं. फोटो, नाव, भाव आणि खाली "गुडघेदुखीमुळे तातडीने विक्री". सगळं उघड, सगळं स्वच्छ. मला फार बरं वाटलं.

दुपारपर्यंत खाली लोकांनी लिहिलं होतं, म्हातारी अडलीय, थांबा, अजून उतरंल. कुणी खाटकाचा नंबर दिला होता. लेकीनं ते आईला वाचून दाखवलं. धुरपदाबाईंनी शेळ्या घरात नेऊन बांधल्या आणि निरोप धाडला, न्हाय विकायच्या.

मी आबांपुढं जाऊन उभी राहिले. ते रागावले नाहीत. त्यांनी मला एकूण एक ओळ वाचायला लावली आणि मग म्हणाले, "तुला वाटतं उपरणं भावावर असतं. त्ये अडलेल्याच्या तोंडावर असतं, पोरी."

मी ती जाहिरात तिथंच काढून टाकायला निघाले.

पण त्या गर्दीत मोरगावच्या एकानं फक्त एवढंच विचारलं होतं, दोघींना वेगळं बांधलं तर वरडत्यात का? आबा उठून बसले. "ह्यो पाळणारा हाय. बोलीव." हा माणूस आबांना बाजारात कधीच भेटला नसता, हे त्यांनी माझ्यासमोर कबूल केलं. मग अंगात कणकण असताना ते त्याला घेऊन कळंबला गेले, धुरपदाबाईंची समजूत घातली आणि त्यांच्याच दारात उपरणं टाकलं. बराच वेळ बोटं चालली. बाईंच्या कपाळावर आठी दिसली नाही. शेळ्या टेम्पोत चढल्या तेव्हा त्यांनी पदर डोळ्याला लावला, आणि लेकीला म्हणाल्या, "चल आता."

आता आमच्या पानावर भावाच्या जागी "समक्ष" असं लिहिलेलं असतं. फोन पुष्कळ येतात, पण समक्ष येणारे थोडे. बरेच जण फोनवरच ठरवा म्हणतात. आबाही ठरवतात, कानाला मोबाईल लावून, मोकळा हात उपरण्याखाली घालून.

परवा मी सहज विचारलं, धुरपदाबाईंच्या शेळ्यांचं काय आलं होतं? आबा म्हणाले, "हात दे."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातावर ते उपरणं पडलं. आत त्यांची खरखरीत बोटं माझी दोन बोटं दाबत होती, सोडत होती, पुन्हा दाबत होती. ही भाषा मला येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मी समजल्यासारखी मान हलवली. सौदा संपला होता, पण आबांनी हात सोडला नाही. मीही काढून घेतला नाही.