सगळ्यांना लकवा

अकोल्यात मृत्यूनोंदीच्या खिडकीवर मी कारकून होतो. एकदा पातूरकडची एक बाई नवऱ्याची नोंद करायला आली. गजांतून हात घालून तिने माझ्या रजिस्टरवर बोट ठेवलं.

“मेंदूत रक्त फुटलं म्हने डॉक्टर. तसंच लिवा, भाऊ. उद्या पोरायले इचारतीन, बाप कायनं गेला.”

“लिवून वापस येते का तो, बाई?”

“मंग तुमी इथं काहून बसले?”

मी ‘लकवा’ लिहून तिला वाटेला लावलं.

परवा अमरावतीत एका विद्वानाने त्याच जुन्या नोंदींवरून आलेख दाखवला. मेंदूतल्या रक्तस्रावाचे मृत्यू आमच्याकडे पूर्वी नगण्य होते, म्हणे, आता वाढले. टाळ्या पडल्या. त्यात माझ्याही होत्या.

‘मेंदूतील रक्तस्राव’ एवढं लिहायचं माझ्या जिवावर यायचं, म्हणून सगळ्यांना मी लकव्यानेच मारलं.