माथ्यावरची चुन्याची रेघ

"हिला मेंढरं कळतेत साहेब, पाणी न्हाई. तुम्ही चला पुढं," अण्णा म्हणाले. सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

अण्णा म्हणजे आमच्या गावातले सगळ्यात मोठे बागाईतदार. बंधारा कुठं बांधायचा ते ठरवायला शिवारफेरी निघाली होती. मी पाणलोट समितीची सदस्य. कागदावर बाई लागते म्हणून घेतलेली. फेरीत माझं काम एकच, जागेवर खूण करायच्या चुन्याचं घमेलं डोक्यावर घेऊन इंजिनिअर साहेबांच्या मागं चालायचं.

मी एवढंच म्हणाले होते, "साहेब, आधी टेकडीच्या माथ्यावर पाणी अडवा."

माझा सासरा मेंढरं राखायचा. भर चैत्रात कुठल्या घळीत गवत हिरवं राहतं, ते त्याच्या मागं फिरून मी शिकले. पाणी तिथंच मुरतं. तिथं अडवलं तर आमच्या वरच्या वस्तीच्या विहिरींना लागतं. नाहीतर पाऊस आमच्या माळावरची माती घेऊन सरळ खाली अण्णांच्या मोसंबीत जातो. पावसानं दोन आठवडे ओढ दिली की आमची कपाशी मान टाकते. मग पोरांची शाळा सोडवून आम्ही ऊसतोडीला. वर गावानं म्हणायचं, वरची वस्ती आळशी!

आधीचे दोन्ही बंधारे खालीच झाले. तिसऱ्यांदाही फेरी अण्णांच्या विहिरीपाशीच थांबली. साहेबांनी बोट दाखवलं. इथं टाक चुना.

मी घमेलं उतरवलं नाही.

ग्रामसेवकानं कागद पुढं केला. "ताई, सही करा जल्दी. साहेबांना उशीर होऊन राह्यला."

"जागा माथ्यावरची लिहा. मंग करते."

अण्णा अंगावरच आले. "तुला समितीत कुणी घेतलं, इसरली का?"

"न्हाई इसरले. तुम्हीच घेतलं, अण्णा. आता माझ्या सहीबिगर कागद सरकत न्हाई."

दुसऱ्या दिवशी त्यांच्याच बागेत मजुरीला जायचं होतं. तरी तशीच वर चालत गेले. घळीच्या तोंडाशी चुन्याची रेघ ओढली, या काठापासून त्या काठापर्यंत.

अण्णांनी मला कामावर बोलवणं बंद केलं. रेघ पावसात धुऊन गेली, मी पुन्हा ओढली. कागद अजून बिनसहीचा पडून आहे. माझी सही हवी असेल, तर त्यांना वर चढून यावं लागेल.