कडेचं प्यादं आणि अर्धा गुण

तेव्हा मी पन्नाशीची होते आणि स्वतःला बुद्धिबळातली वाघीण समजत होते. सासऱ्यांनी शिकवलेल्या खेळात मालवणातल्या आमच्या वाडीत मला कोणी हरवत नसे. वाडीत खेळणारे तिघेच, हे मी कुणाला सांगत नसे.

कोकण रेल्वे सुरू होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कुडाळला स्पर्धा होती. निघताना आमचे हे म्हणाले, "शून्य घेऊन इलंस तर पट माळ्यार टाकतलंय."

"भिंतीर खिळो मारून ठेवा, ढाल लावूक होयो," असं ऐकवून मी एसटीत बसले.

संध्याकाळपर्यंत वाघीण शून्यावर. शेवटच्या डावाला समोर बांद्याची दोन वेण्यांची मुलगी, एवढंसं चेडू. खुर्चीतून पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे. घरच्या रिवाजाप्रमाणे मी सुरुवातीलाच दोन्ही हातांनी दोन कडांची प्यादी एकदम एकेक घर सारली. पंच धावत आले. "बाई, एका वेळी एकच चाल!" एक प्यादं मागे गेलं. उरली ती माझी सलामी: कडेचं प्यादं, एक घर. मुलीने तोंडावर हात धरला. हसत होती मेली!

पुढे तिने माझं सैन्य बांगडे साफ करावेत तसं साफ केलं. उरला कोपऱ्यातला राजा आणि तेच कडेचं प्यादं, तिच्या प्याद्यासमोर अडलेलं. तिने वजीर जवळ आणला. राजाला शह नव्हता, पण सरकायला एक घर नव्हतं. सासऱ्यांच्या नियमात असा कोंडलेला राजा मेलाच. डोळ्यांसमोर माळा आला. हार मानून मी हात पुढे केला.

तिने तो घेतला नाही. पटाकडे बघत राहिली. 

"आजये, तुमी हरलास नाय. शह नाय, चालूक घर नाय. म्हणजे बरोबरी."

"खरा?"

"खरा." मग तिने फ्रॉकला डोळे पुसले.

पंचांनी मान डोलावली, पण मी तिच्याकडेच बघत होते. गप्प राहिली असती तर माझ्यासारखीला काय कळणार होतं? एवढ्याशा जिवात एवढं कुठून येतं?

घरी ह्यांनी विचारलं, "कितको?"

"अर्धो." मी तो शेवट पटावर मांडला.

"ह्यो तर मेलो!" शेवटी हे सासऱ्यांचेच चिरंजीव.

"नाय मेलो. जिकणाऱ्या चेडवानच सांगल्यान."

ह्यांनी कोपऱ्यातल्या राजाला हलकेच बोट लावलं.  पट तिथेच राहू दिला.