रोडग्यावरचं तूप
शेजारच्या अंगणात गोवऱ्या पेटल्या की मला घरात बसवत नाही, कारण त्या धुरासोबत बाभुळगावकडच्या एका शेतातली दुपार येते. लग्नाचं दुसरं वर्ष होतं. नवऱ्याच्या मित्रांनी रोडग्यांचा, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत केला होता. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजत होते, वांग्याच्या भाजीचा ठसका नाकात जात होता. आधी आम्हा बायकांची पंगत बसली आणि वाढायला पुरुष होते. तुपाचा गंज, म्हणजे तुपाचं पातेलं, नवऱ्याकडे होता. घरी आठवडाभर 'हो' आणि 'नाही' यापलीकडे न बोललेला हा माणूस एकेकीला हसवत, आग्रह करत पुढे सरकत होता. मी अगदी टोकाला, पत्रावळीवर रोडगा कुस्करून बसले होते. आपल्याशी काय बोलेल या विचाराने डाव्या हाताची बोटं उगाच मातीत रेघा ओढत होती. तो आला, रोडग्यावरच नजर ठेवून त्यानं तूप ओतलं आणि म्हणाला, "घ्या ना वहिनी, लाजून काहून राह्यल्या?" अख्खी पंगत हसली. "अबे, तुहीच बायको हाय ते!" एक मित्र ओरडला. तोही हसला, मीही हसले. उठून धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत सुटावंसं वाटत होतं, पण भरल्या पंगतीतून उठू नये म्हणतात, म्हणून सगळं संपवलं. परतताना गाडीवर पुन्हा तेच 'हो' आणि 'नाही' सुरू झालं. इतक्या वर्षांत इतक्या मायेनं त्यानं मला जेवायचा आग्रह केला तो तेवढा एकदाच, तोही दुसऱ्याची बायको समजून.